तिसरी मेणबत्ती

अस्मारात प्लगला म्हणतात कंदेला.
इटालियन गेले, घाटाचा रस्ता ठेवून गेले,
रस्त्यावरच्या गाड्या, आणि गाड्यांच्या पोटातल्या
एकेका अवयवाचं नाव.
कंदेला म्हणजे मेणबत्ती.
मेहारीच्या गॅरेजात चारांतली एक
पेटते, न पेटते.

गाडी फियाट अकराशे, साल एकसष्ट,
रंग कधीकाळी दुधी.
मालकीण झुफान, निवृत्त सुईण;
अजूनही कुणी भेटलं की तिची नजर आधी पोटाकडे जाते.
म्हणते, मस्सावाहून चढताना नेफासितपर्यंत ठीक,
पुढे धुकं लागलं की मिसिंग मारते.
दम लागल्यासारखी नाही हं.
उचकी. उचकी लागल्यासारखी.
“किती अंतराने?” मेहारी विचारतो.
आणि ती मोजून आलेली असते.

तोवर बघे जमतात.
टायरवाला म्हणतो कार्बोरेटर,
पाववाला म्हणतो पेट्रोलात पाणी,
कुणी म्हणतं, व्हॉल्व्ह जळला, माझ्या मेव्हण्याच्या गाडीचं असंच झालं होतं.
फिल्मोनच्या हातात पाना शिवशिवतो: हेड उघडू या?
मेहारी सत्तरीचा, डाव्या कानाने बहिरा.
उघडायला काय लागतं, म्हणतो,
गॅस्केट तुझा बाप आणणार आहे का?

मग तो लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनावर टेकवतो
आणि मूठ दातांत धरतो.
हाडातून ऐकतो.
झुफान बघत राहते, मग हात पुढे करते.
तिच्या पिशवीत चाळीस वर्षं लाकडी नळी होती,
पोटावर टेकवून आतला ठोका ऐकायची.
ती कान लावते. डोळे मिटते.
“हा तिसरा,” म्हणते, “आहे, पण येत नाही.”

मेहारी खात्री करतो, तोंडी निदानावर त्याचा विश्वास नाही.
पहिली वायर उपटली: इंजिन लंगडलं.
दुसरी: पुन्हा तेच, कळवळलं.
चौथी: तेच.
तिसरी काढली, आणि इंजिनाला पत्ताच नाही.
प्लग बदलून पाहिला. वायर बदलली.
भोकावर अंगठा दाबून फिरवलं,
अंगठा उडाला, म्हणजे छाती भक्कम.
सगळे निर्दोष.
आणि दुपारच्या कोरड्या उन्हात
गाडी चारही ठोके देऊ लागली, शहाण्यासारखी,
दवाखान्याच्या दारात ताप उतरलेल्या पोरासारखी.

आता थांबायचं.
झुफान कोळसे फुंकून कॉफी मांडते.
पहिला पेला, दुसरा पेला.
संध्याकाळी कड्यावरून धुकं वर येतं,
तरी मेहारी इस्त्रीवाल्याकडची पाण्याची फवारणी मागवून आणतो
आणि झाकणाभोवती दोनदा दाबतो, देवाला पाणी शिंपडावं तसं नाही,
मिरची शिंपडावी तसं.
एक, तीन, चार, दोन.
एक, हं, चार, दोन.
एक, हं…

आणि लाइट जाते. सगळ्या गल्लीची.
बघे एका सुरात हळहळतात.
फिल्मोन बॅटरी शोधायला धावतो.
“थांब,” मेहारी ओरडतो, “उजेड आणशील तर बघ!”

काळोखात डिस्ट्रिब्युटरच्या काळ्या झाकणावर
निळा धागा.
तिसऱ्या बोंडापासून क्लिपपर्यंत,
केसाएवढ्या चिरेतून, ओल्या वाटेने, घाईघाईने,
जळायच्या ठिकाणी न जाता
भलतीकडेच जळून येणारा.
दिसतो, विझतो. दिसतो.
कुणी बोलत नाही. पाववालासुद्धा.

नवीन झाकण कैरोहून येईल, आलं तर.
मेहारी पात्याने चिरेतली काजळी खरवडतो,
फुंकर मारतो, मग बोटं वाजवतो:
काहीतरी चिकट, लवकर सुकणारं, आहे कुणाकडे?
झुफान पिशवीतून नेलपॉलिश काढते.
लालभडक. या वयात, असं कुणीतरी पुटपुटतं.
मुलगी पाठवते स्टॉकहोमहून, ती म्हणते, लावू कुठे?

दोन हात चढवले, वाळू दिले.
तोवर तिसरा पेला, बरकतीचा.

लाइट आली तेव्हा ती गेलेली होती,
चढावर आवाज अखंड, मग वळणाआड.
फिल्मोन हत्यारं पुसत होता.
मेहारी पत्र्याच्या डब्यावर बोटं वाजवत बसला,
एक, तीन, चार, दोन,
लाल नखाचा अंगठा
ठोक्याला थोडा आधीच पडत होता.